परतीच्या हवेची जाळी

डक्ट, म्हणजे घरभर गरम हवा फिरवणारे पत्र्याचे नळ, साफ करणारे येणार होते त्या मंगळवारी माझी बायको स्लावका सकाळी सातलाच चर्चला निघाली. दर मंगळवारी आमच्या चर्चच्या तळघरात बायका पिरोही करायला जमतात. बटाट्याचं आणि चीजचं सारण, करंजीसारखी दुमड, मग उकळत्या पाण्यात. दिवसाला दोनशे डझन होतात आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या विकल्या जातात.

"तुझा तो माणूस घरभर धूळ करून जाईल," बूट चढवता चढवता ती म्हणाली. "आणि झेन्को, शुक्रवार लक्षात ठेव."

शुक्रवार मी विसरणं शक्य नव्हतं. चर्चशेजारी चर्चच्याच लोकांनी म्हाताऱ्यांसाठी इमारत बांधली आहे. दोन वर्षं यादीत राहिल्यावर आमचा नंबर लागला होता. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, विजेवरची ऊब, दारात लिफ्ट. हो की नाही ते शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कळवायचं होतं. स्लावकाचं हो ठरलेलं होतं, कारण या घरात हिवाळाभर तिचं डोकं दुखायचं. माझं नाही होतं, पण ते मी बोललो नव्हतो. तिचं डोकं दुखत असताना माझ्या नाहीला काय किंमत, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

अकरा हिवाळे हे चाललं होतं. ऑक्टोबरात घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी पेटली की सुरू, मे महिन्यात विझली की बंद. डॉक्टरांनी डोळे तपासले, मान तपासली, डोक्याचा फोटो काढला. काही निघालं नाही. नवल म्हणजे चर्चच्या तळघरात ती सात तास वाफेत उभी राहायची तरी तिला काही व्हायचं नाही, आणि घरी येऊन स्वयंपाकघरात तासभर वावरली की कपाळ धरून बसायची. पिरोहीवाल्या बायकांना चेष्टेला आयतंच कारण मिळालं.

"घरी झेनोन आहे ना," त्यांच्यातली परान्या सगळ्यांसमोर म्हणायची, "तो न बोलता डोकं खातो."

मीही हसायचो. पण मनातून मला ते खरं वाटत होतं. दिवसाला पाच-सहा वाक्यं बोलणाऱ्या माणसाबरोबर एक्कावन्न वर्षं काढली तर कुणाचंही डोकं दुखेल. माझी एकच आशा होती, ती वर्तमानपत्रात आलेल्या डक्ट सफाईच्या जाहिरातीवर. जुन्या घरांतल्या डक्टमध्ये साठलेल्या धुळीनं डोकेदुखी होते, असं त्यात छापलं होतं. मी दोनदा नंबर फिरवून फोन ठेवला. तिसऱ्यांदा पलीकडच्या बाईनंच विचारलं, "मघाशी तुम्हीच होतात का?" तिनं बायकोच्या डोकेदुखीचंही कामाच्या कागदावर लिहून घेतलं.

नेस्तोर साडेआठला आला. पन्नाशीचा, बुटका, हसरा. फिलिपिन्समधून येऊन त्याला बावीस वर्षं झाली होती आणि तेव्हापासून तो विनिपेगमधल्या घरांचे पत्र्याचे नळ साफ करत होता. बरोबर त्याचा मेहुणा होता. तो बाहेर ट्रकमधल्या मशीनपाशी थांबला.

"सर, शेवटचं कधी साफ केलं होतंत?"

"कधीच नाही."

"कधीच नाही म्हणजे, तुम्ही आल्यापासून?"

"आम्ही त्र्याहत्तर साली आलो. पण त्याच्या आधीही कुणी केलं असेल असं वाटत नाही. घर एकोणीसशे बाराचं आहे."

त्यानं दारातूनच मेहुण्याला हाक मारली. "अरे, एकोणीसशे बारा! जेवणाचे डबे आत आण, आज इथंच संध्याकाळ होणार."

त्यांनी तळघराच्या खिडकीतून मांडीएवढा जाड पाइप आत घेतला आणि भट्टीशेजारच्या मुख्य नळाला भोक पाडून जोडला. मग नेस्तोर घरभर फिरून गरम हवेच्या जाळ्या कागदानं बंद करत गेला. मशीन सुरू झालं तेव्हा सगळं घर गुरगुरू लागलं. तो एकेक जाळी उघडायचा, दाबाच्या हवेची लवचीक नळी आत सोडायचा, आणि आत कुणीतरी चाबूक फिरवतंय असा आवाज भिंतीतून खाली जायचा. प्लास्टरचे खडे निघाले, सुताराचा भुसा निघाला, नाताळच्या झाडाची चंदेरी झालर निघाली. पंचवीस वर्षांपूर्वी मेलेल्या आमच्या कुत्र्याचे केस निघाले. दोन पिंपं भरली.

मी स्वयंपाकघरात बसून होतो. कुणी घरात काम करत असलं की मला पुस्तक उघडायची लाज वाटते.

अकराच्या सुमाराला मशीन थांबलं. नेस्तोर वर आला आणि बोटावर मोजत घरभर फिरला.

"सर, गरम हवा सोडणाऱ्या जाळ्या नऊ. बरोबर?"

"असतील."

"आणि हवा परत घेणारी कुठाय?"

मला प्रश्नच कळला नाही.

"भट्टी गरम हवा वर पाठवते," तो समजुतीनं म्हणाला. "ती गार झाली की परत खाली नको का यायला? नाहीतर भट्टी काय पाठवणार? त्यासाठी एक मोठी जाळी असते. खालून बघितलं तर हा एवढा रुंद नळ या पॅसेजच्या जमिनीत जातोय. आणि वर..." त्यानं पॅसेजकडे बघितलं. "वर तुमचं कपाट आहे."

कपाट म्हणजे माझी पुस्तकं. अकरा वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाची इमारत विकली तेव्हा अकराशे पुस्तकं कचऱ्यात जाणार होती. मी तिथं तीस वर्षं ग्रंथपाल होतो. ती सगळी मी घरी आणली, वर नेली, जिन्यात रचली, झोपायच्या खोलीतही एक कपाट केलं. सगळ्यात मोठं कपाट पॅसेजमध्ये मावत होतं. तिथं जमिनीत एक लाकडी जाळी होती, दारासारखी रुंद. तेव्हा स्लावकानं विचारलं होतं, "या जाळीचं काही काम तर नसेल ना?" आणि मी सांगितलं होतं, "काही नाही. ती मेलेली आहे. जुन्या कोळशाच्या भट्टीची असेल." सगळ्या जाळ्यांतून गरम हवा यायची, हिच्यातून कधी आली नव्हती. तेवढ्यावर मी बोललो. मी आयुष्यात फारसं काही खात्रीनं बोललेलो नाही. ते बोललो होतो.

"खाली या, सर," नेस्तोर म्हणाला. "एक दाखवतो."

तळघरात त्यानं भट्टी चालू केली, शेजारचा पाणी तापवायचा गॅसचा बंबही चालू केला. मग खिशातून उदबत्ती काढून पेटवली. बंबाचा धूर जिथून धुराड्यात शिरतो त्या फटीपाशी ती धरली. उदबत्तीचा धूर वर जायला हवा होता. तो वाकला आणि सरळ आमच्या तोंडावर आला.

"वरून हवा मिळत नाही म्हणून भट्टीचा पंखा इथून, तळघरातून ओढतो. सांध्यांतून, फटींतून, मिळेल तिथून. एवढ्या जोरात ओढतो की धुराड्यातला धूर, वास न येणारा विषारी वायू, परत घरात येतो. या बंबाच्या वर कुठली खोली आहे?"

"स्वयंपाकघर."

"मॅडमचं डोकं कुठं दुखतं?"

मी वर, स्वयंपाकघराच्या जमिनीकडे बघितलं. त्यानं भट्टी बंद केली, बंब बंद केला आणि तळघराची दोन्ही दारं उघडली. बाहेर उणे सतरा होतं.

"पण वर विषारी वायूची धोक्याची घंटा लावली आहे," मी म्हणालो. "ती कधी वाजली नाही."

"ती माणूस मरायला टेकला की वाजते. रोज थोडं थोडं असेल तर वाजत नाही. तुम्हाला काही होत नाही?"

"मला दुपारी झोप येते. वाचता वाचता. मला वाटलं, वय झालं."

नेस्तोरनं फोन केल्यावर गॅस कंपनीचा माणूस तासाभरात आला. तोपर्यंत नेस्तोर, त्याचा मेहुणा आणि मी, तिघांनी कपाट रिकामं करून बाजूला ओढलं. जाळीवर कपाटाच्या तळाचा चौकोन उमटला होता. नेस्तोरनं तो नळही साफ केला, खालचे सांधे पत्र्याच्या पट्टीनं बंद केले. गॅसवाल्यानं त्याचं यंत्र स्वयंपाकघरात, तळघरात, धुराड्यापाशी धरलं आणि सगळं चालू करून अर्धा तास आकडे लिहिले. आता काही येत नव्हतं. "पण कपाट परत इथं आलं तर मला बोलवू नका, पाद्रीबाबांना बोलवा," असं म्हणून तो गेला.

नेस्तोर सामान आवरत होता. मी पॅसेजमध्ये पुस्तकांच्या ढिगांमध्ये उभा होतो. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"सर, मॅडमना मी सांगू का, धूळ होती म्हणून? धूळ तर होतीच, दोन पिंपं. आता नाही. डोकं दुखायचं थांबेल. कपाटाचं काय, साफसफाईसाठी हलवलं. खोटं कुठं आहे त्यात?"

"तुम्ही बायकोला खरं सांगता का?"

"सगळं खरं सांगितलं असतं तर मी ट्रकमध्ये राहिलो असतो."

ट्रकमधून मेहुणा ओरडला, "माझी बहीण आहे ती, सांभाळून बोल!"

ते गेले. स्लावका यायला दोन तास होते. त्या दोन तासांत नेस्तोरचं वाक्य मी अनेक प्रकारे म्हणून बघितलं. ते दर वेळी चांगलं वाटत होतं. धुळीला दोष दिला तर घर राहत होतं, पुस्तकं राहत होती, आणि मीही होतो तसा राहत होतो. मी खरं सांगितलं यात काही मोठेपणा होता असं मला वाटत नाही. मला खोटं बोलता येत नाही, एवढंच. माझे कान लाल होतात आणि ती ते लगेच ओळखते.

ती चारला आली. हातात पिरोहीचे दोन डबे. कोट काढायच्या आधीच मी बोलायला सुरुवात केली आणि थांबलो नाही. जाळी, कपाट, धूर, बंब, स्वयंपाकघर. तिनं डबे खाली ठेवले नाहीत.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"इथंच उभी राहून विचारलं होतं. आणि तू म्हणालास, मेलेली आहे."

"हो. स्लावका, मला माफ..."

"थांब. तू बर्फ पडला तरी माफी मागतोस. भाजीवाल्याकडे कांदे नसले तरी मागतोस. आज नको. आज मला ती ऐकवणार नाही."

तिनं डबे छातीशी धरले.

"तुला माहितीये, डॉक्टरनं मला काय विचारलं होतं? घरी सुखी आहात का. मी म्हटलं, नाही. घरात पाऊल टाकलं की डोकं जड होतं, छातीत कोंडतं, पळून जावंसं वाटतं. त्यानं ते लिहून घेतलं, गोळ्या दिल्या. चार वर्षं घेतल्या मी त्या. मला वाटायचं, मी नवऱ्याला कंटाळलेली बाई आहे. त्या लाजेनं मी तुझ्याशी गोड बोलायचे, झेन्को!"

हे मला माहीत नव्हतं. गोळ्या मानेसाठी आहेत असं तिनं सांगितलं होतं.

तिनं डबे फ्रिजमध्ये ठेवले आणि स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून बरोबर मधोमध ठेवली.

"शुक्रवारपर्यंत मी घराबाहेर पडणार नाही," ती म्हणाली. "इथंच स्वयंपाक करीन, इथंच बसीन. भट्टी चालू राहू दे, बंबही राहू दे. डोकं दुखलं तर आपण त्या चौथ्या मजल्यावर जातोय. नाही दुखलं तर मग बघू. आणि मला विचारायचं नाही. दर तासाला दारात येऊन उभं राहायचं नाही."

मी विचारलं नाही. पण दारात येऊन उभं न राहणं मला जमलं नाही. पाणी प्यायला जायचो, चष्मा शोधायला जायचो. बुधवारी तिनं बीट किसून सूप केलं, कोबीच्या पानांत भात भरून रोल वळले, आमच्या दोघांना आठवडाभर पुरतील एवढे. बाहेर थंडी वाढली, भट्टी जवळजवळ थांबतच नव्हती. त्या दिवशी दुपारी मला झोप आली नाही, हे मी तिला सांगितलं नाही. गुरुवारी पाचच्या सुमाराला तिनं हात कपाळाकडे नेला. मी दारातच थांबलो.

"पीठ लागलंय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "जा बाहेर."

त्याच संध्याकाळी परान्याचा फोन आला. तू मंगळवारपासून दिसली नाहीस, बरी आहेस ना, असं ती विचारत असावी.  स्लावका म्हणाली, "नाही, डोकं नाही दुखत. तेच तर बघतेय." पुढं काही सांगितलं नाही. ती सगळ्यांना सांगणार अशी माझी तयारी होती. तिनं सांगितलं नाही म्हणून मला बरं वाटलं नाही, उलट जास्त वाईट वाटलं.

शुक्रवारी सकाळी मी साडेनऊलाच फोनजवळच्या खुर्चीत बसलो होतो. तिनं कॉफी प्याली, कप धुतला, पुसला, जागेवर ठेवला. अकरा वाजून गेले. मग तिनं इमारतीच्या कचेरीला फोन लावला.

"मी यारोस्लावा हृत्साक. त्या खोल्या पुढच्या नंबरला द्या." पलीकडून कुणीतरी काही विचारलं. "नाही, नाही, तो जिवंत आहे. दोघंही जिवंत आहोत. घरातली एक बिघाडाची गोष्ट होती, ती सापडली." मग तिनं सांगितलं, "हो, यादीत नाव राहू दे. सांगता येत नाही."

तिनं फोन ठेवला. मी उठून उभा राहिलो. मला जे म्हणावंसं वाटत होतं त्याला बंदी होती.

"मी अजून माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "अकरा हिवाळे आहेत, तीन दिवसांत फिटत नाहीत. पॅसेजमधली पुस्तकं वरच्या खोलीत ने. मी एकही उचलणार नाही."

"नेतो."

"आणि झोपायच्या खोलीतलं कपाटही तिथून काढ."

"तिथं जाळी नाहीये," मी म्हणालो.

"माहितीये," ती म्हणाली आणि कोट घालून बाहेर पडली. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

मी झोपायच्या खोलीपासून सुरुवात केली.