बारा मिनिटांचं आभाळ

हिंकेने कपडे वाळत घालायच्या खांबाला अँटेनाच्या ॲल्युमिनियमच्या दोन कांड्या चिकटपट्टीने पुन्हा आवळल्या, त्यांच्यामधला कोन जुन्या कोनमापकाने तपासला आणि मागच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन ती बसली. संध्याकाळचे सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. उपग्रह सव्वासहाला दक्षिणेकडून उगवणार होता आणि बारा मिनिटांत उत्तरेला मावळणार होता.

"आले का पाहुणे?" आतून तिच्या नवऱ्याने, वीबेने विचारलं.

"अजून तीन मिनिटं आहेत."

"उशीर केला तर... एकच बिस्कीट द्यायचं हं. दुसरं नाही."

एवढं बोलायला त्याला मध्ये दोनदा थांबावं लागलं. वीबे चाळीस वर्षं कोळंबी धरणाऱ्या जहाजावर होता. आता त्याच्या नाकात नळी होती. ती पंधरा मीटर लांब होती आणि खुर्चीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पुरायची. तिच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं यंत्र दिवसरात्र घरघरत असे. बांधलेली हिंकेही होती; तिला नळी नव्हती, एवढाच काय तो फरक. तीन वर्षांपूर्वी ती पावाच्या दुकानात रांगेत अडकली होती, आणि परत आली तेव्हा वीबे निळा पडून जमिनीवर होता. तेव्हापासून घरात दुसरं कुणी नसेल तर ती पाव तासाच्या वर त्याला नजरेआड करत नसे.

म्हणून तर तिने हवामान-उपग्रहांनी पाठवलेली चित्रं पकडायचा हा छंद धरला होता. फिरायला जायचं तर रस्ता हवा, गाण्याच्या वर्गाला जायचं तर संध्याकाळ हवी. उपग्रहाला बारा मिनिटं पुरतात आणि तो स्वतःच घरी येतो. पहिले पंधरा दिवस पडद्यावर नुसते वाळूसारखे ठिपके आले. मग एकदा किनारा दिसला आणि ती लहान मुलीसारखी ओरडली होती. पण प्रत्येक चित्रावर आडवेतिडवे पट्टे येत. इंटरनेटवरच्या जाणत्या मंडळींनी सल्ला दिला, घरातली उपकरणं एकेक करून बंद करून बघा. हिंकेने फ्रिज बंद केला, दिवे घालवले, दारावरची घंटासुद्धा सोडवून ठेवली. सगळं बंद करून झालं, एक सोडून. त्या एकाबद्दल ती कुणाशी बोलली नाही.

आज मात्र तिचं चित्त चित्रात नव्हतं. सकाळी मार्लूस नर्स सांगून गेली होती की शुश्रूषागृहात शनिवारपासून दोन आठवडे वीबेसाठी एक खाट रिकामी आहे, रात्री आठच्या आत फोन करून कळवा, नाहीतर ती दुसऱ्याला जाईल. हिंकेची बहीण रेन्स्के समोरच्या बेटावर राहत होती, दोन तासांवर. बेटाचं जहाज घरापासून तीनशे पावलांवरून सुटायचं आणि त्याच्या भोंग्याने खिडकीच्या काचा थरथरायच्या. तीन वर्षांत हिंके त्यात एकदाही चढली नव्हती. तिला तिथे जाऊन काही करायचं नव्हतं. रात्रभर सलग झोपायचं होतं, आणि घड्याळ न बघता वाळूवर चालायचं होतं.

"जा की," वीबे सकाळी म्हणाला होता. "मी काय, सामान आहे. ठेव कुठेही."

त्याचा भाऊ असाच दोन आठवड्यांसाठी त्या इमारतीत गेला होता आणि तिथून परत आला नव्हता.

लॅपटॉपमधून टिक-टिक-टिक असा उपग्रहाचा आवाज सुरू झाला. पडद्यावर ओळीमागून ओळ उतरू लागली. हिंके पट्ट्यांची वाट बघत होती. पट्टे आले नाहीत. स्पेन आला, फ्रान्सचा कोपरा आला, धुतल्यासारखा स्वच्छ. खाडीचं टोक दिसलं, नदीचं मुख दिसलं. तिला इतका आनंद झाला की लॅपटॉप सांभाळत ती उठून उभीच राहिली.

"वीबे! अरे, आज काय झालंय बघ!"

आतून उत्तर आलं नाही. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आतून कसलाच आवाज येत नाहीये.

ती धावली. वीबे खुर्चीत गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकला होता. त्याचे ओठ निळे झाले होते आणि शेजारचं यंत्र बंद होतं. हिंकेने खटका दाबला. यंत्र एकदा ओरडलं आणि घरघरू लागलं.

"किती वेळ झाला?"

त्याने एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन बोटं वर केली.

"सिलिंडर तरी लावायचास! वीज गेली तर म्हणून तो ठेवलाय ना?"

"त्याची चावी फिरवायला... गडी लागतो."

"मूर्ख आहेस तू. अडुसष्ट वर्षांचा मूर्ख!"

"चित्र आलं का?"

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. पण राग जास्त होता, कारण असं करणाऱ्या माणसाला सोडून जाता येत नाही. ओठांवर रंग परत येईपर्यंत ती त्याचा हात धरून बसली. मग तिने लॅपटॉप आणून त्याच्या मांडीवर ठेवला.

"उलटं आहे हे," तो म्हणाला.

"असंच आलंय."

"अगं, नॉर्वे खाली लटकलाय. पाहुणे दक्षिणेकडून आले ना? मग पहिली ओळ दक्षिणेचीच असणार." त्याने लॅपटॉपच उलटा केला. सहा आठवडे हिंके मान वाकडी करून किनारे शोधत होती, आणि याने एका झटक्यात जग सरळ केलं.

वीबेने इंग्लंडच्या पश्चिमेला बोट ठेवलं.

"हे बघ, मोठं वादळ येतंय. शनिवारपासून आठवडाभर तरी जहाजं सुटत नाहीत. मार्लूसला सांग, पुढच्या महिन्यात बघू."

हिंकेने वाकून बघितलं. त्याच्या बोटाखाली सगळं काळं होतं. पांढरं ते ढग आणि काळं ते पाणी, एवढं ती आता शिकली होती. काळं पाणी पार आयर्लंडच्या पुढपर्यंत मोकळं होतं. बंदरातले लोक एके काळी वीबेला विचारून जहाजं बाहेर काढत, आणि त्याने आयुष्यात कुणाला खोटं हवामान सांगितलं नव्हतं. आता तो तिच्याकडे बघत नव्हता.

"हे काळं काय आहे?" तिने विचारलं.

"पाणी."

"आणि वादळ?"

वीबेने बोट उचललं नाही. तो भ्यायला होता, आणि ते तिला लख्ख दिसत होतं. 'बरं' म्हणणं किती सोपं होतं. जहाजं बंद आहेत म्हटलं की कुणाचाच दोष नव्हता. पुढच्या महिन्यातही जहाजं बंद असली असती.

सात वाजायला दहा मिनिटं कमी होती. हिंकेने फोन उचलला. दुसऱ्या खोलीत गेली नाही, त्याच्यासमोरच उभी राहिली.

"मी हिंके बोलतेय. वीबेसाठी ती खाट आम्हाला हवी आहे. हो, शनिवारी." तिने वीबेकडे बघितलं. "चौदा दिवस. पंधराव्या दिवशी सकाळी मी न्यायला येणार आहे. ते लिहून ठेवा. नाही, आत्ता लिहा, मी थांबते."

फोन ठेवून ती उभीच राहिली. वीबे चित्राकडे बघत बसला होता.

"दुपारचं जहाज घेऊ नकोस," शेवटी तो म्हणाला.

"का?"

त्याने बोट काळ्या पाण्यावरून उचललं आणि कडेच्या एका बारीक पांढऱ्या रेघेवर ठेवलं.

"दुपारनंतर वारा फिरेल. तुला लगेच मळमळतं. सकाळचं घे."