पांढऱ्या कपड्यांची टाकी

थोरलीने आयुष्यात बऱ्याच चेटकिणी पाहिल्या होत्या. तिची आई होती, मावशी होती, आणि आरशात बघितलं की रोज एक दिसायचीच. पण नखं काळी रंगवली की चेटकीण होता येतं, हे मात्र तिला या तीन पोरींकडून कळलं.

तिघींतली एक तिची स्वतःची नात. दुसरी चष्मेवाली. तिसरी इतकी उंच की थोरली तिला तोंडावरच जिराफ म्हणायची. शाळा सुटली की तिघी थोरलीच्या धुलाईच्या कारखान्यामागच्या खोलीत दार लावून बसायच्या आणि एक उशीएवढं जाड पुस्तक वाचायच्या. त्यात म्हणे चेटकिणींची शाळा होती. सगळ्या चेटकिणी सोळा वर्षांच्या, सगळ्यांचे डोळे हिरवे, आणि प्रत्येकीमागे एकेक सुळेवाला पोरगा हिंडतोय.

"यांचे कपडे कोण धुतं?" थोरलीने एकदा विचारलं होतं.

"आजी, ती जादूची दुनिया आहे."

"म्हणजे मळकीच हिंडतात."

मुखपृष्ठावरची पोरगी केस मोकळे सोडून मेणबत्तीवर वाकली होती. थोरलीने ते चित्र लांब धरून पाहिलं आणि म्हणाली, "पेटणार ही बया." पुढे वाचायची तिला गरज वाटली नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार.

थोरलीची विद्या पाण्यातली होती. तापकरी पोराची चादर आली की ती ताप पिळून काढायची. दारुड्याच्या सदऱ्यातून तलफ काढून गटारात सोडायची. गिऱ्हाईक म्हणायचं, बाई, तुमच्याकडे धुतलेलं अंगाला हलकं लागतं. ती म्हणायची, सोडा चांगला आहे. घराण्याचा नियम एकच होता: आपण डाग काढतो, घालत नाही. नातीला हे सगळं लहानपणापासून ठाऊक होतं, आणि लाजही त्याचीच वाटत होती. पुस्तकातल्या जादूला चंद्राचा उजेड असतो. घरच्या जादूला धुण्याच्या सोड्याचा वास होता.

त्या वासावरूनच वर्गातली एक शहाणी तिला सगळ्यांसमोर "साबणवडी" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शहर रडायला लागलं.

आधी चौकातल्या हॉटेलचा वेटर. मग वाहतूक पोलीस. शिट्टी तोंडात, डोळ्यांतून धारा, आणि चारी बाजूंच्या गाड्या अडकलेल्या. थोरली खिडकीतून बघत होती आणि बाप्यांच्या जातीबद्दल काहीबाही पुटपुटत होती, तेवढ्यात सुनेचा इस्पितळातून फोन आला.

"आई, ह्यांना आत न्यायचं थांबवलंय."

"का?"

"डॉक्टर रडताहेत. भूल देणाऱ्या बाई रडताहेत. नर्सा तर एकमेकींच्या गळ्यात पडल्यात. दुःख कसलंच नाही म्हणतात, नुसतं पाणी थांबत नाही. डोळ्यांना दिसत नाही तर सुरी कशी धरू म्हणतात. अपेंडिक्स फुटायला आलंय हो."

थोरलीचा मुलगा, नातीचा बाप, पहाटेपासून तिथे पोट धरून पडला होता.

वेटर, पोलीस, डॉक्टर. तिघांचे पांढरे कपडे काल एकाच टाकीतून निघाले होते. थोरलीने टाकीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

तिने मागच्या खोलीचं दार ढकललं. "टाकीत कोणी काय घातलं?"

चष्मेवाली लगेच फुटली. "आजी, आम्ही फक्त त्या मुलीचा शाळेचा सदरा घातला. तुमच्याकडे धुवायला आला होता. ती परीक्षेत रडावी म्हणून. पुस्तकात आहे, शत्रूचं वस्त्र भिजत घालायचं आणि मंत्र म्हणायचा. मंत्र तुमच्या नातीने म्हटला."

"एकटं घालायचं, की सगळ्या गावाबरोबर?"

चष्मेवालीने पुस्तक पाठीमागे लपवलं.

"पांढरं सगळं एका टाकीत जातं हे या घरातलं मांजरसुद्धा जाणतं," थोरली नातीला म्हणाली. "तुझ्या त्या पुस्तकवालीने जन्मात रुमाल धुतला नसेल. आणि ती शहाणी रडली का तरी?"

"नाही," जिराफ हळूच म्हणाली. "तिचा सदरा अजून इस्त्रीला पडलाय. ती आज फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये आली होती."

थोरलीने नातीला दंडाला धरून टाकीपाशी उभं केलं आणि फोनवर काय कळलं ते सांगितलं. नात पांढरी पडली.

"आजी, तू काढ ना."

"मी घातलं असतं तर मी काढलं असतं. जिने घातलं तिच्याच डोळ्यांतलं पाणी या टाकीत पडायला हवं. कांद्याचं चालत नाही. रड."

नात रडायला लागली, म्हणजे तोंड वाकडं केलं. डोळे ठणठणीत कोरडे. बापाची काळजी होती, पण भीतीने डोळे अधिकच सुकले. या घरात रडणं म्हणजे चोरी. चार वर्षांची असताना गुडघा फुटला तेव्हा थोरलीनेच दटावलं होतं, रडायचं तर पोतेऱ्याशेजारी जाऊन बस. तेव्हापासून पोरीने डोळ्यांना कुलूप घातलं होतं.

मग थोरलीने आपलं हत्यार काढलं. तिच्या जिभेने आजवर दोन दूधवाले आणि एक जावई पळवला होता.

"निर्बुद्ध. पायात पाय घालून पडणारी. बापाच्या जिवावर उठलीस. नाकाने कांदे सोलतेस आणि साधी कॉलर उलटी घडी करतेस."

"हे तू सोमवारी म्हणालीस," नात म्हणाली.

"ओझं आहेस घराला."

"हे रोजचंच."

चष्मेवाली आणि जिराफ भिंतीला चिकटून ढसाढसा रडत होत्या. त्यांच्या पाण्याचा काही उपयोग नव्हता. एवढ्या वर्षांच्या बोलण्याने पोरीची कातडी अशी जाड केली होती की आता सुई शिरायला जागा नव्हती. थोरलीला हे कळलं आणि जन्मात पहिल्यांदा तिला पुढचं वाक्य सुचेना.

फोन पुन्हा वाजला. कोणीच उचलला नाही.

थोरली टाकीच्या कडेवर बसली. कोणाला चांगलं बोलायचं म्हणजे तिला दाढ उपटून घेतल्यासारखं व्हायचं.

"उकळतं पाणी होतं," ती टाकीकडे बघत म्हणाली. "सोडा होता. वर तीनदा खळबळून काढलं, पिळलं, कडक इस्त्री फिरवली. तरी तुझं घातलेलं हललं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या वयाची होते तेव्हा माझं पहिल्याच पाण्यात निघून जायचं. माझी आई हसायची. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. आईपेक्षाही असेल. मला कालपासून नाही, तुझं डोकं ओट्याला लागायचं तेव्हापासून माहीत आहे."

नातीची हनुवटी हलली. तिने ओठ दाताखाली दाबायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. मग बारा वर्षांचं साठलेलं एकदम टाकीत कोसळलं, नाक, डोळे, हुंदके, सगळं. थोरलीने खालची तोटी उघडली. पाणी गुरगुरत गटाराला लागलं.

या खेपेला फोन थोरलीने स्वतः उचलला. डॉक्टर तोंड धुऊन आत गेले होते. मुलालाही नेलं होतं.

तोटी बंद करायची वेळ झाली तरी पोरीचं थांबेना.

"खरंच म्हणालीस, की मला रडवायला?" तिने हुंदक्यातून विचारलं.

"खोट्याने पाणी येतं का? येत असतं तर तुझ्या पुस्तकवालीने समुद्र भरला असता." थोरली उठली आणि भिंतीशी उभ्या असलेल्या दोघींकडे वळली. "तुमचं झालं का? त्या शहाणीचा सदरा बादलीत काढा. एकटा. तिची जीभ काढायची की ठेवायची, ते ही ठरवेल."

नातीने बाहीने नाक पुसलं. "आपण घालत नाही," ती म्हणाली, "पण काढायला हरकत नाही ना?"

"जिभेतलं विष काढ. जीभ राहू दे," थोरली म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा टाकीसमोरची जागा सोडून बाजूला उभी राहिली.