लाल रंगाची नऊ पिल्लं

अकराची नऊ पिल्लं झाली तेव्हा तुळजाबाईंनी आधी डालगं उचलून पाहिलं, मग नाली पाहिली, मग पाण्याच्या टाकीमागची विटांची रास हलवून पाहिली. एवढं सगळं झाल्यावर त्यांनी तुराट्यांच्या कुंपणापलीकडे, गोपिकाच्या अंगणात नजर टाकली. खरं म्हणजे त्यांना पहिल्यापासून तिकडेच पाहायचं होतं. बाकीची शोधाशोध नुसती मनाच्या समाधानासाठी.

गोपिकाच्या अंगणातही पिल्लं होती, आणि नेमकी त्याच वयाची. दोघींच्या कोंबड्या एकाच आठवड्यात खुडूक झाल्या होत्या, एकाच दिवशी अंड्यांवर बसवल्या होत्या. त्यात दोन्ही घरांत मिळून कोंबडा एकच, गोपिकाच्या नवऱ्याचा, रुपरावांचा. त्यामुळे पिल्लांच्या तोंडावळ्यावरून हे कोणाचं नि ते कोणाचं, हे ठरवायची काही सोयच नव्हती.

तुळजाबाईंनी पलीकडची पिल्लं मोजली. तेरा भरली. पुन्हा मोजली तर अकरा. पिल्लं काही शाळेच्या प्रार्थनेला उभी नव्हती, ती सैरावैरा पळत होती. पण बाईंनी अकरा सोडून दिले आणि तेरा धरून ठेवले. गोपिकाने बारा निघाल्याचं सांगितलं होतं, मग हे तेरावं आलं कुठून?

ही गोपिका कोण, हे इथे सांगायला हवं, नाहीतर बाईंचा राग कळेल पण त्यातला मूर्खपणा कळायचा नाही. उमरेड रोडला दिघोरीच्या पुढे अर्धवट वसलेल्या लेआउटमध्ये तुळजाबाई राहायच्या. घराणं कोष्ट्यांचं. नवरा ईश्वरदास हातमागावर साड्या विणायचे, माल गांधीबागेतल्या व्यापाऱ्याकडे जायचा. पुढे माग बंद पडले, मुलगा अभिजीत कारखान्यात लागला, सून धनश्री धंतोलीतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसायला लागली. तीन वर्षांपूर्वी ईश्वरदास गेले. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बाई घरात एकट्या.

तेव्हा शेजारची गोपिका एक दिवस बगलेत कोंबडी मारून आली होती. ती कुहीकडच्या शेतकऱ्याच्या घरची, तिची शेती अजून गावाकडे होती. मागितलेलं नसताना तिने मोडक्या टोपलीत भुसा घातला, त्यात नऊ अंडी मांडली, वर कोंबडी ठेवली आणि म्हणाली, “बाई, दिवसभर भिंतीकडं पाहून राहता तुमी. आता हिच्याकडं पाहत जा.”

तेव्हापासून बाईंचा दिवस म्हणजे गोपिका आणि कोंबड्या. सगळं तिनेच शिकवलं. पहिला आठवडा पिल्लं डालग्याखाली ठेवायची, कणी बारीक करून घालायची, जुनी गोवरी फोडून त्यातली वाळवी द्यायची. पाण्याच्या परळात खडे टाकायचे, म्हणजे पिल्लू बुडत नाही. मग आईसोबत मोकळं सोडायचं आणि आपण आपलं तोंड बंद ठेवायचं. कोंबड्यांना लोळायला राखेचा खड्डा करून द्यायचा. कडुनिंबाखालचा पाला झाडायचा नाही, कारण पिल्लांचं अर्धं जेवण त्या पाल्याखाली असतं. तुळजाबाईंना अंगणात एक पान पडलेलं खपायचं नाही, पण गोपिकापायी त्यांनी तो पालाही खपवून घेतला. रोज सकाळी दहाला दोघी त्या पाल्याकडेला बसून चहा प्यायच्या. त्या लेआउटमध्ये बाईंना नावाने ओळखणारं दुसरं माणूस नव्हतं. तेव्हा गोपिका तुटली तर आपलं काय उरतं, याचा हिशेब बाईंनी आधी करायला हवा होता. त्यांनी पिल्लांचा केला.

पिल्लं हरवल्याचं त्यांनी चहाच्या वेळी सहज बोलल्यासारखं काढलं. गोपिकाने लगेच सांगितलं की विजेच्या खांबावर शिकरा येऊन बसतो, तिचंही एक पिल्लू त्याने परवाच नेलं. बाईंनी हूं केलं. मनात म्हणाल्या, हिला शिकरा दिसतो, मला कसा दिसत नाही? आणि चोरी कोणी केली हे हिला इतकं नक्की कसं ठाऊक?

एकदा संशय आत शिरला की मग त्याला काहीही खायला चालतं. गोपिका सकाळी लवकर आली, तर पिल्लं हेरायला आली. उशिरा आली, तर तोंड दाखवायला लाज वाटत असणार. तिने आपलं फाटक लावून घेतलं, तर आत लपवण्यासारखं काहीतरी आहे. उघडं ठेवलं, तर बघा किती साळसूद. बाई बिचाऱ्या त्या आठवड्यात पोटभर जेवल्यासुद्धा नाहीत.

शेवटी त्यांना एक युक्ती सुचली, आणि ती कोष्ट्याच्या घरातच सुचू शकते. खेड्यातल्या बाईने पिल्लाच्या पायाला चिंधी बांधली असती. पण ज्या घरात सूत कोणाचं हे रंगावरून ओळखलं जायचं, त्या घरातल्या बाईला आपल्या वस्तूला रंगच लावावासा वाटणार. पलंगाखालच्या पेटीत ईश्वरदासांचा लाल रंगाचा डबा होता. काठाचं सूत ते स्वतः रंगवायचे आणि त्या लालाचा त्यांना भारी अभिमान. साडी फाटेल पण काठ उतरणार नाही, असं गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगायचे.

बाईंनी चिमूटभर रंग गरम पाण्यात कालवला, मिठाचा खडा टाकला आणि एकेका पिल्लाला मुठीत धरून कापसाच्या बोळ्याने दोन्ही पंखांवर ठसठशीत ठिपका दिला. नऊ पिल्लं, अठरा ठिपके. संध्याकाळी धनश्रीने विचारलं की आई, यांनी होळी खेळली की काय. बाई म्हणाल्या, असू दे, ओळखायला बरं. पिल्लं कोणापासून ओळखायची ते काही सांगितलं नाही.

त्या रात्री त्यांना छान झोप लागली. तिसऱ्या दिवशी एका पिल्लाच्या पंखावरचा लाल गायब.

धुतलेला नव्हे. तेवढीच पिसं नव्हती. जिथे ठिपका होता तिथे गुलाबी कातडी आणि रक्ताचे दोन थेंब, आजूबाजूची पिसं जागच्या जागी. चौथ्या दिवशी आणखी दोन पिल्लं तशीच. पाचव्या दिवशी सकाळी कुंपणाच्या मुळाशी एक मरून पडलेलं, दोन्ही पंख सोललेले.

आता सांगा, यावरून कोणाला काय वाटेल? तुळजाबाईंना तर लख्ख दिसलं. पिल्लू न्यायचं म्हणजे खूण मिटवायला हवी. रंग धुऊन निघेना, कारण तो निघणारच नव्हता. म्हणून पिसं उपटायची. जमलं तर पिल्लू आपल्यात सोडायचं, मेलं तर कुंपणाशी टाकायचं. सगळं कसं चपखल बसलं. माणूस चुकतो तेव्हा त्याचं सगळं असंच चपखल बसतं.

रविवारी त्या कुंपणाशी उभ्या राहिल्या. पलीकडे रुपराव खाटेवर पेपर वाचत होते, गोपिका राख चाळत होती. इकडे धनश्री कपडे वाळत घालत होती. बाईंच्या हातात मेलेलं पिल्लू होतं.

“गोपिका, पिल्लू नेलं असतं तर मी काही म्हटलं नसतं,” त्या म्हणाल्या. “तूच दिलेली कोंबडी, तुझीच पिल्लं समजली असती. पण जित्या जीवाची पिसं काहून उपटली वं?”

गोपिकाला आधी कळलंच नाही. ती हसतच उठली. मग तिने पिल्लू पाहिलं, बाईंचं तोंड पाहिलं आणि तिचं हसू विझलं. रुपरावांनी पेपर खाली ठेवला आणि बाई, काय बोलून राहिल्या तुमी, असं काहीसं म्हणाले. गोपिकाने हातानेच त्यांना थांबवलं. मग राख तशीच टाकून ती घरात गेली. धनश्री सासूचा हात धरून म्हणाली की आई, आत चला, पण सासूला वाटलं आपण जिंकलो. दोषी नसती तर भांडली असती, असं त्या सुनेला दोनदा ऐकवून मोकळ्या झाल्या.

संध्याकाळी रुपरावांनी कुंपणाला हिरवी जाळी ठोकली. खालून वरपर्यंत, मुंगूससुद्धा जाणार नाही अशी. दुसऱ्या दिवशी दहा वाजले आणि तुळजाबाईंनी सवयीने दोन कप चहा ठेवला. मग एक कप नालीत ओतला.

मंगळवारी गोपिका आणि रुपराव गावाकडे गेले, फाटकाला कुलूप लावून. आणि मंगळवारीच दुपारी अंगणात आणखी एक पिल्लू मेलेलं सापडलं. जाळी जागेवर, कुलूप जागेवर, पंख सोललेले.

बाईंनी आधी कुलूप नीट लागलंय ना हे जाऊन पाहिलं. जाळीला कुठे भोक आहे का तेही पाहिलं. इतक्या सहजासहजी संशय सोडायची त्यांची तयारी नव्हती. मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टूल घेऊन बसल्या आणि तुरीच्या शेंगा सोलायचं निमित्त करून अंगणाकडे पाहत राहिल्या.

फार वेळ लागला नाही. पिल्लं पाला उकरत होती. मागच्या वर्षीची कबरी तलंग, तरणी कोंबडी, रमतगमत आली, मान वाकडी करून एका पिल्लाच्या पंखाकडे पाहिलं आणि टोच मारली. लाल पीस तोंडात आलं. पिल्लू ओरडलं. ते ऐकून दोन कोंबड्या धावत आल्या आणि त्यांनीही तिथेच टोचलं. रक्त आलं तसं लाल आणखी वाढलं, आणि मग पिल्लाची भावंडंच त्याला टोचू लागली. सगळ्यात शेवटी आई आली. बाईंना वाटलं आता ही सोडवील. तिनेही मान खाली घातली आणि टोचलं.

बाई शेंगा सांडून धावल्या. सात पिल्लं पदरात गोळा केली आणि मोरीत नेऊन साबण लावला. मग रिठा लावला, शेवटी रॉकेलचा बोळा फिरवला. पिल्लं थंडीने थरथरू लागली, पण ईश्वरदासांचा लाल तसूभर हलला नाही. बाई मोरीतच बसल्या आणि रडल्या. पिल्लांसाठी रडल्या असं मी म्हणणार नाही. रविवारी कुंपणाशी आपण जे बोललो ते एकेक शब्दाने त्यांना ऐकू येत होतं. तेही असंच निघणार नव्हतं.

गोपिका संध्याकाळच्या बसने परत आली. कुंपणातून जायचा रस्ता आता नव्हता, म्हणून बाई पिल्लांची टोपली घेऊन सडकेवरून फिरून फाटकाशी गेल्या. वाटेत जाळीतून त्यांनी पलीकडची पिल्लं मोजली. कोंबडी सगळ्यांना पोटाखाली घेत होती, त्यामुळे एकेक सावकाश मोजता आलं. दहा होती. गोपिकाचीही दोन गेली होती आणि तिने एकाचं सांगितलं तेव्हा बाईंनी नुसतं हूं केलं होतं.

त्यांनी उंबऱ्यातच सगळं सांगितलं. रंग कशासाठी लावला तेही सांगितलं, मुद्दाम, काही न लपवता. “माह्यानं चूक झाली वं गोपिका. माह्याच कोंबड्यांनी मारली, आणि मी तुह्यावर घातलं.”

गोपिका ऐकत होती. तिने पिल्लं उचलून उजेडात पाहिली. रागावली असती तर बाईंना सोपं गेलं असतं, पण ती नुसती आत गेली, तव्याची काजळी खरवडून जवसाच्या तेलात कालवली, वाटीत हळद घेतली आणि बाईंच्या आधी बाईंच्या अंगणात पोचली.

तासभर दोघी पिल्लांना घेऊन बसल्या. जखमेवर हळद, लालावर काजळी. गोपिका कामापुरतं बोलत होती. लाल दिसलं की कोंबडी टोचतेच, तिची जातच तशी. आठ दिवस यांना वेगळं ठेवा. मेथीची जुडी उंच बांधून द्या, टोचायला काहीतरी हवं त्यांना. सात काळी पिल्लं डालग्याखाली गेली तेव्हा दिवे लागले होते आणि धनश्री नुकतीच दवाखान्यातून आली होती. बाईंनी चहाचं विचारलं. गोपिका म्हणाली, हो, घेते की. चहा तिने सगळा प्यायला. बाईंना हायसं वाटलं. गाडी रुळावर आली असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

फाटकाशी पोचल्यावर गोपिका वळली. खोचलेला पदर तिने सोडला, दोन्ही हातांनी धरून पसरला आणि बाईंच्या समोर दोनदा झटकला. काजळीचा भुगा तेवढा खाली पडला.

“पाहून घ्या बाई,” ती म्हणाली.

“असं नोको करू वं,” तुळजाबाई म्हणाल्या.

“राहू द्या. मले बरं वाटते,” गोपिका म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. “पिल्लांचं कराले मी रोज येईन. तुमाले एकटीले नाही जमणार ते.”

आणि ती आलीही. आठही दिवस, सकाळी दहाला, सडकेवरून फिरून. काजळी लावायची, मेथी बांधायची, चहा प्यायची. जाताना फाटकाशी उभी राहून पदर झटकायची. तुळजाबाई दर वेळी मान दुसरीकडे फिरवायच्या, आणि त्या पाहीपर्यंत गोपिका पदर पसरून तशीच थांबायची.