लिंबोणीवरची राणी पाकोळी

मित्रांनो, मी एक म्हातारी, पंख फाटलेली राणी पाकोळी आहे. काळ्या पंखांवर निळे पट्टे असलेलं हे मोठं फुलपाखरू तुम्ही पुस्तकात पाहिलं असेल. आपल्या राज्याचं फुलपाखरू म्हणून मला मान आहे. समुद्रापलीकडे लंकेत माझी दुसरी उपजात राहते, तिच्या निळ्या रंगात थोडा फरक आहे म्हणतात. असेल. माझं सगळं जग म्हणजे शिराळ्यातल्या हरणाबाईच्या परसातली लोणच्याच्या लिंबांची लिंबोणी.

तिच्या पानांवर आम्ही भावंडं अंडी फोडून बाहेर पडलो आणि लगेच मरायला लागलो. एकाला मुंग्यांनी जिवंतपणी फाडलं. एकाला गांधीलमाशीने चावून चावून त्याचा गोळा केला आणि उचलून नेलं. कितीतरी जणांना हरणाबाईने काडीने खाली पाडून चपलेखाली चिरडलं. आम्ही तिची पानं खात होतो हे खरं, पण अळीने दुसरं खायचं तरी काय?

नागपंचमीच्या सकाळी तिचा मुलगा ज्योतिबा फवारणीचा पंप पाठीवर घेऊन आला. नळी थेट माझ्या तोंडासमोर आली. घाबरलं की आम्हा अळ्यांच्या डोक्यामागून लाल, दुभंगलेलं शिंग बाहेर येतं. माझंही आलं. त्यात माझ्या फुगीर मानेवर डोळ्यांसारखे ठिपके.

"थांब रं," हरणाबाई म्हणाली. "फणा काढलाय बघ तिनं. जीभबी दोन टोकांची हाय."

"आये, आळी हाय ती. नाग न्हाई."

"आसू दे. आज पंचिम हाय. आज म्या इळीसुदिक हातात धरली न्हाई आन् तू जीव मारतोस व्हय? उद्या मार."

तिने हात जोडले आणि पानांवर दूध शिंपडलं. त्या दुधावरून घसरून माझा एक भाऊ खाली पडला, तो कोंबडीने टिपला.

त्याच दुपारी माझं अंग जड झालं. कोष करायला मी झाड सोडून गोठ्याच्या भिंतीवर चढले आणि धाग्याने स्वतःला बांधून घेतलं. दुसऱ्या सकाळी फवारा उडाला. उरलेली भावंडं हिरवं ओकत, तडफडत मातीत पडली. मला भयंकर राग आला, पण मला हलताही येत नव्हतं.

पुढे पंख फुटले. कोतवाल पक्ष्याने त्यातला एक अर्धा तोडला, तरी मी उडत राहिले. आता म्हातारपणी अंडी घालायला याच लिंबोणीवर आले आहे, कारण जवळपास दुसरी नाही. अंडी घालून झाली आहेत.

आणि ज्योतिबा पुन्हा पंप घेऊन उभा आहे. हरणाबाईने त्याचा हात धरलाय.

"कसलं देखणं पाखरू बसलंय बघ. त्येच्या अंगावर उडवू नगंस. त्येला जाऊ दे, मग मार औषध."

मित्रांनो, पाखरू आणि अळी एकच असतात, एवढं तुमच्यापैकी कुणीतरी तिला जाऊन सांगा. लवकर सांगा. तोवर मी या पानावरून उडणार नाही.