बोलणाऱ्या माणसाची कवळी

आर्किटेक्टसाहेबांनी पुन्हा एकदा रुमालाने ओठ पुसले, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी मघापासून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघते आहे. बिचाऱ्यांना वाटलं असणार, दातात काहीतरी अडकलंय. मी घाईघाईने म्हटलं, "काही नाही हो, तुम्ही डाव्या बाजूनेच चावता, म्हणून बघत होते." झालं! त्यानंतर त्या भल्या माणसाने सूप सोडून कशालाही हात लावला नाही.

भाचीने ठरवून दिलेलं हे माझं पहिलं जेवण. घरी येऊन मी तिला सांगितलं की हे पहिलं आणि हेच शेवटचं.

तर मी कवळ्या करते. पुलाजवळच्या दवाखान्यात मागे एक खोली होती, तिथे माझा जन्म गेला म्हणा ना. पुढे आमचे दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घ्यायचे, मागे मी त्यावरून साचा करायचे, मेणात एकेक दात बसवायचे, घासूनपुसून कवळी तयार करून डबीत घालून पुढे पाठवायचे. पेशंट पुढच्या दाराने यायचा आणि पुढच्याच दाराने हसत जायचा. मला कोणी बघितलं नाही आणि मीही कोणाला बघितलं नाही. गावातल्या कितीतरी लोकांचे जबडे मला पाठ आहेत, चेहरे मात्र विचारू नका.

मग डॉक्टरांचे हात थरथरायला लागले आणि त्यांनी दवाखाना बंद करायचं ठरवलं. मी दोन-तीन मोठ्या लॅबमध्ये जाऊन आले. तिथे आता दात मशीन कापतं. सगळीकडे एकच प्रश्न, कॉम्प्युटरवर डिझाइन येतं का? मला मोबाइलवर अलार्म लावायला भाची लागते, मी काय डिझाइन करणार कपाळ! एका ठिकाणचा मुलगा तर मला बसायला खुर्ची देऊन म्हणाला, "मावशी, आता आराम करा ना." आराम! हातात मेण नसेल तर हे हात ठेवायचे कुठे, हे मला अजूनही कळलेलं नाही. त्या दिवशी मी रडले वगैरे नाही. घरी येऊन भांडी जरा जोरात घासली, इतकंच.

भांड्यांच्या आवाजाने भाची उठून आली. ती माझ्याच घरी राहते, एका कंपनीत माणसं नेमायचं काम करते आणि स्वतःला फार शहाणी समजते. तशी आहेही. म्हणाली, "मावशी, तुझ्या कामाला कोणी नावं ठेवलेली नाहीत. तुला कोणी ओळखतच नाही, ही अडचण आहे."

तिचा उपाय असा, की दर आठवड्याला एका वेगळ्या धंद्यातल्या माणसाला दुपारी जेवायला भेटायचं. नोकरी मागायची नाही. त्यांचं काम कसं चालतं ते विचारायचं, मनापासून ऐकायचं आणि उठताना फक्त म्हणायचं, मी आणखी कोणाला भेटू? ती म्हणाली, याला नेटवर्क म्हणतात. मी म्हटलं, आमच्या वेळी याला लोकांच्या मागे लागणं म्हणत.

पण गंमत बघा. ते आर्किटेक्टसाहेब अर्धपोटी उठले, तरी उठता उठता त्यांनी मला एका बाईंचा नंबर दिला. आता दिलाच आहे तर, म्हणून मी त्या बाईंना भेटले. त्या विम्याच्या सर्व्हेअर. जळालेल्या गोदामात शिरून आग कुठून सुरू झाली ते राखेवरून सांगतात. कुठल्याही क्षणी बोलावणं येईल अशा घाईने जेवत होत्या, पण बोलताना डोळे असे चमकत होते की त्यांच्या दातांकडे बघायचंच मी विसरले. त्यांनी मला एका जनावरांच्या डॉक्टरांकडे धाडलं. हे गृहस्थ म्हणजे मोठी वल्ली. घोड्याचे दात कानशीने कसे घासतात ते त्यांनी चमचा हातात घेऊन दाखवलं, मग मी काटा घेऊन आमची पद्धत दाखवली, आणि शेवटी वेटरने येऊन टेबल पुसायला घेतलं तेव्हा आम्ही उठलो.

त्या दिवशी मी चालत घरी आले. इतक्या वर्षांत कामाबद्दल माझ्याशी कोणी गप्पा मारल्या नव्हत्या. डॉक्टर भले होते, पण ते 'जरा उंच वाटतंय, कमी करा' एवढंच बोलायचे. आणि इथे ही परकी माणसं, कामाच्या गडबडीतून आपली दुपार काढून माझ्यासारख्या कुठल्या कोण बाईसमोर बसत होती. का? काही अडलं होतं का त्यांचं? या लोकांनी पुढे माझ्यासाठी बोटही उचललं नसतं, तरी मी त्यांची ऋणी राहिले असते. भाचीला मी हे सांगितलं नाही. आधीच ती हवेत होती.

जनावरांच्या डॉक्टरांनी मात्र बोट उचललं. दातांची कामं करणारे कारागीर तयार करणारी एक संस्था आहे, तिथल्या मुख्य मॅडम त्यांच्या ओळखीच्या. त्यांना हाताने कवळी करायला शिकवणारं माणूस हवं होतं. मशीन आलं तरी मुलांना आधी हाताने यायला हवं, असा त्यांचा आग्रह. मॅडमचा स्वतःचाच फोन आला, जेवायला भेटूया म्हणून. ही नोकरी मिळाली तर माझं टेबल, माझं मेण, माझी अवजारं सगळं परत हातात. नाही मिळाली तर सगळं पेटीत घालून माळ्यावर. दुसरी कुठली वाट आता उरलेली नव्हती. भाचीने माझ्या साडीला स्वतः इस्त्री केली, यावरूनच काय ते समजा.

हॉटेल रस्त्यालगत होतं, चार पायऱ्या चढून वर, आणि पुढची सगळी भिंत काचेची. मॅडम काचेजवळच्या टेबलाशी बसल्या होत्या, आणि त्यांच्यासोबत एक गृहस्थ. त्यांना मी लगेच ओळखलं, म्हणजे गावात कोण ओळखत नाही त्यांना? कुठलाही मोठा समारंभ असो, स्टेजवर निवेदन यांचंच. काय तो आवाज आणि काय ते हसू! ते संस्थेचे विश्वस्त होते, मुलांना पेशंटशी कसं बोलावं ते शिकवायचे, आणि नेमणुकीला त्यांचीही संमती लागायची.

"या, या, शेवटी भेट झाली," असं म्हणून ते हसले. आणि माझा हात खुर्चीवरच राहिला.

वरचा पुढचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला. त्याच्या कडेला केसाइतकी बारीक पिवळट रेघ.

तो दात मी चढवला होता. ती रेघ मी भरली होती.

सरळ रेषेत पांढरेशुभ्र दात लावले की कवळी लगेच चुगली करते, म्हणून मी थोडं वाकडं लावायची. आणि ही कवळी तर मी जन्मात विसरणार नाही. अपघातात वरचे सगळे दात गेलेला कोणी तरुण पेशंट होता. डॉक्टरांनी एका जुन्या फोटोचा फक्त तोंडापुरता कापलेला तुकडा मला दिला आणि म्हणाले, "बोलणारा माणूस आहे. बोलण्यावर पोट आहे त्याचं." ती कवळी परत परत माघारी आली. 'श' म्हणताना शिट्टी येते. 'फ' फुटतो. मी पुन्हा मेण घ्यायची, पुन्हा बसवायची. त्या न दिसणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात काय काय बोलले असेन ते सांगण्यासारखं नाही. मग एके दिवशी ती परत आलीच नाही, आणि मी समजले की जमलं.

आणि आता तो माणूस माझ्यासमोर बसून मॅडमशी शहरातल्या शाळांविषयी बोलत होता. एकेक 'श' असा स्वच्छ, की ऐकतच राहावं. मी केलेले दात कोणाच्या तोंडात बघायची ही माझी पहिलीच वेळ. मला एकदम भरून आलं. मी पाणी प्यायले.

मॅडमनी विचारलं, आजवर काम कुठे केलंत? मी म्हटलं, पुलाजवळच्या दातांच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत, पहिल्यापासून मी एकटीच. निवेदकांच्या हातातला चमचा थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग आम्ही दोघांनीही आपापल्या ताटात पाहिलं.

मॅडम सरळ बाई होत्या, आडपडदा नाही. त्यांनी सांगितलं की या जागेसाठी आणखी एकजण आहे, त्याने आपल्या पेशंटना समोर आणून दाखवलंय. आमच्या दातांच्या डॉक्टरांचं शिफारसपत्र मी पुढे केलं, ते त्यांनी वाचलं आणि घडी घालून परत दिलं. म्हणाल्या, "पत्रं सगळेच आणतात हो. आणि साच्यावर कवळी कोणाचीही छान दिसते. तोंडात ती कशी वागते, जेवताना, बोलताना, ते मला बघायचं असतं. तुमच्या हातचं असं काही दाखवता येईल?"

आता काय सांगू? दाखवता येण्यासारखं त्यांच्या शेजारीच बसून टोस्ट खात होतं. मी त्यांच्याकडे नुसती मान वळवली असती तरी पुरे होतं. निवेदकांचं खाणं थांबलं होतं. चेहरा पांढराफटक पडला होता. एवढा हजारो लोकांसमोर बोलणारा माणूस, पण त्या क्षणी त्यांना कोणी नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मी म्हटलं, "नाही मॅडम. माझ्या हातचं माझ्याकडे काही राहत नाही."

मॅडम म्हणाल्या की आज संध्याकाळीच नाव कळवायचं आहे, तेव्हा मला उगाच आशेवर ठेवत नाही. त्याबद्दल मी त्यांचे आभार मानले, आणि ते तोंडदेखले नव्हते. लॅबमधल्या त्या मुलापेक्षा हे किती बरं! मग आम्ही हवापाण्याचं बोललो, मी माझी फळं संपवली आणि निरोप घेतला.

पायऱ्या उतरून मी रस्त्यावर आले, तोच मागून पावलं वाजली. निवेदक होते. धापा टाकत समोर येऊन उभे राहिले.

"का नाही सांगितलंत?" ते म्हणाले.

"काय सांगायचं?"

"तुम्ही ओळखलंत मला. मला दिसलं ते."

मी म्हटलं, "दात तुमचे आहेत. मी कोण सांगणार?"

ते तिथेच कठड्याला टेकले. म्हणाले, बायको सोडून हे कोणालाच माहीत नाही, मुलांनाही नाही. मग म्हणाले, "त्या 'श'पायी मी डॉक्टरांना फार छळलं."

"मला छळलंत," मी म्हटलं. "डॉक्टर नुसते ने-आण करत होते."

ते हसले, अगदी मोकळे. मग त्यांचे डोळे भरले. म्हणाले, "अपघातानंतर मी बोलणंच सोडलं होतं हो. कुठेतरी कारकुनी करून जगायचं ठरवलं होतं. इतकी वर्षं वाटायचं, आभार मानावेत, पण नक्की कोणाचे ते कधी कळलंच नाही. आणि आज कळलं, तर मी आत गप्प बसून राहिलो."

"मघाशी टोस्ट तुम्ही पुढच्या दातांनी तोडलात," मी म्हटलं. "अगदी बिनधास्त, काही विचार न करता. मला पोचलं सगळं."

हे मी त्यांची समजूत घालायला म्हटलं नव्हतं. नोकरी गेली होती, अवजारं माळ्यावर जाणार होती, ते दुःख होतंच. पण मागच्या खोलीतून डबीत घालून पाठवलेलं काहीतरी इतकी वर्षं बोलत होतं, जेवत होतं, लोकांना हसवत होतं, आणि ते मला डोळ्यांनी बघायला मिळालं होतं. किती जणांच्या नशिबी असतं हे? त्या आर्किटेक्टसाहेबांपासून सगळ्यांना फोन करून सांगावंसं वाटत होतं, बाबांनो, तुमच्यामुळे मी इथवर पोचले.

निवेदकांनी डोळे पुसले. वर काचेकडे पाहिलं. मॅडम अजून कॉफी घेत बसल्या होत्या.

"तुम्ही जरा थांबाल?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या मनात काय आहे ते माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, "अहो, राहू द्या. खरंच राहू द्या." तोवर ते पायऱ्या चढून गेलेही होते.

काचेतून मला दिसत होतं. ते मॅडमच्या समोर बसले. मॅडमनी काहीतरी विचारलं. त्यांनी मानेनेच थांबायला सांगितलं, टेबलावरचा कागदी रुमाल उचलला, तोंडाशी धरला आणि क्षणभर खाली वाकले. मग तो रुमाल त्यांनी मॅडमच्या कपाशेजारी ठेवला आणि हलक्या हाताने उलगडला. दुपारची वेळ होती, हॉटेल भरलेलं होतं. शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. मॅडम पुढे वाकल्या, त्यांनी चष्मा लावला.

आणि ते बोलू लागले. वरचा ओठ आत गेलेला, गाल बसलेले, एकदम म्हातारे दिसत होते. काचेतून मला काही ऐकू येत नव्हतं. कवळी काढल्यावर शब्द कसे निघतात ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? एकही 'श' धड निघत नसेल. पण त्यांनी तोंडावर हात घेतला नाही. रस्त्यावर उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट दाखवून ते बोलत राहिले.