मिशा काढायच्या राहिल्या

मी ब्रश बोलतोय. भिंती रंगवणारा नव्हे, बारीक. इतका बारीक की मुंगीच्या डोळ्यात काजळ घालता येईल. माझे केस कुठल्याशा प्राण्याच्या शेपटीचे आहेत. प्राणी कोणता, हे मला कोणी सांगितलं नाही. पण या घरात जे पाहिलं, त्यानंतर वाटतं, त्या शेपटीवरच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

माझा मालक दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर खोटे दात खऱ्यासारखे पिवळट करायचे आणि घरी आलं की रणगाडे जोडायचे. शाळेत असल्यापासूनचा छंद आहे हा. प्लॅस्टिकच्या चौकटीतून एकेक तुकडा कापायचा, घासायचा, चिकटवायचा. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढे रणगाडे, तोफा, जीपगाड्या आणि बोटाएवढे सैनिक. खोलीच्या तीन भिंती कपाटांनी भरल्या, चौथी दारामुळे वाचली. बायकोने त्या कपाटांना फडकं लावायचं नाही. "धूळ असू दे, खरी वाटते," असं हा म्हणतो. बाकीच्या घरातली धूळ मात्र तिनेच पुसायची.

मला पहिल्याच दिवशी किळस आली. रंगात बुडवण्याआधी या गृहस्थाने मला सरळ तोंडात घातलं! टोक जुळावं म्हणून ओठांत धरून ओढलं. तेही जेवून उठल्यावर, चूळ न भरता. जगाच्या दातांची काळजी वाहणाऱ्या माणसाचे स्वतःचे दात कसे आहेत, ते माझ्याकडून वदवून घेऊ नका.

दुसरी किळस त्याच्या कामाची. महिनाभर खपून गाडी जोडायची, केसाएवढी फट राहिली तर पुन्हा घासायची, सुरेख रंगवायची आणि मग ती घाण करायची! वापरलेली चहापूड वाळवून तिचा चिखल करायचा, गंजाचे ओघळ काढायचे, तेलाचे डाग पाडायचे. बायकोच्या चपलेचा चिखल दारात दिसला तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस रणगाड्याच्या चाकांत चिखल भरताना गुणगुणत असतो. याचे मित्रही तसलेच, एका माळेचे मणी. एकमेकांच्या गाड्या भिंगातून बघतात आणि म्हणतात, "वा! काय घाण केलीय!"

तरी इथवर मी निमूट सोसलं. खेळच होता तो.

मालकाचा थोरला भाऊ सैन्यात होता. खरा रणगाडा चालवायचा, खऱ्या लढाईत. घरी परतल्यापासून त्याने लढाईबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं आणि आमच्या खोलीत तो सहसा पाऊल टाकत नसे. एका दुपारी मात्र आला, टेबलावरचा अर्धवट रणगाडा बघत बसला आणि आपणहून बोलायला लागला. त्यांचा रणगाडा पेटला तेव्हा तो कसाबसा बाहेर पडला. तोफ चालवणारा त्याचा जोडीदार वरच्या झाकणातून अर्धाच बाहेर आला आणि तिथेच राहिला.

"मी हाका मारत होतो रे त्याला," तो म्हणाला.

"कुठल्या बाजूला कलला होता?" मालकाने विचारलं.

"डावीकडे."

"आणि हात?"

"लोंबत होता."

भावाला वाटलं, धाकटा मनापासून ऐकतोय. मनापासून ऐकत होताच तो. दुसऱ्या दिवशी त्याने झाकणात एक सैनिक बसवला, डावीकडे कललेला, हात लोंबणारा. मग लाल रंग काढला. नुसता लाल भडक दिसतो म्हणून त्यात तपकिरी मिसळला आणि मला त्यात बुडवलं. मला शिसारी आली, पण नाही म्हणायला ब्रशाला तोंड कुठे असतं?

प्रदर्शनात त्या रणगाड्याला पहिलं बक्षीस मिळालं. ऐनवेळी कुठे रंग उडाला तर असावा म्हणून मी मालकाच्या खिशात होतो, त्यामुळे सगळं पाहिलं. भावाला त्याने मुद्दाम बोलावून घेतलं होतं. "दादा खूश होईल," असं सकाळपासून चाललं होतं, आणि खोटं वाटेल, पण त्याला खरंच तसं वाटत होतं.

भाऊ टेबलाशी उभा राहिला. शेजारचा एकजण म्हणाला, "काय जिवंत केलंय हो!" मेलेल्या माणसाबद्दल!

भावाने दोन बोटांनी तो सैनिक धरला आणि मोडून काढला. सदऱ्याच्या खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं.

"हा माझ्याबरोबर येतो," एवढंच म्हणाला आणि गेला.

घरी येऊन मालक भिंग घेऊन बसला. "दादा चिडला म्हणजे काहीतरी चुकलंय. गणवेश तर बरोबर होता..."

"अहो, भाऊजी रडत गेले," बायको म्हणाली.

"तेच म्हणतोय. आता अगदी बिनचूक करून देतो."

त्याने दुसरा सैनिक घेतला, चेहरा रंगवला आणि भावाला फोन लावला.

"दादा, एकच विचारतो. त्याला मिशा होत्या का?"

पलीकडून भाऊ म्हणाला, "होत्या. नुकत्याच ठेवल्या होत्या. घरच्यांनी अजून पाहिल्या नव्हत्या."

मालकाचे डोळे भरून आले. मला वाटलं, चला, समजलं याला, आता मला खाली ठेवेल.

"पातळ का जाड?" त्याने विचारलं.

फोन बंद झाला. पुन्हा लावला, कोणी उचलला नाही.

"आत्ता उठा आणि त्यांच्याकडे जा," बायको म्हणाली. "परत कधी यायचे नाहीत ते या घरात."

"जातो. एवढं होऊ दे. रंग वाळेल."

मला हातात धरून तो फोनची वाट बघत राहिला. फोन आला नाही आणि रंग वाळला तो माझ्यावरच. आता मी काडीसारखा ताठ झालोय. मला मऊ करायच्या औषधाची बाटली मालक शोधतोय, अजूनही. ती कपाटामागे गडगडलीय, मला इथून दिसते.

वाचकहो, तुम्हाला दिसली तर कृपा करून सांगू नका. शोधून शोधून कंटाळला तर कदाचित चपला घालेल. भावाचं घर दोनच गल्ल्या पलीकडे आहे.