एकतीस वेळा जास्तीचं पाणी

आमच्या नगरपंचायतीने नळ सोडायचं काम एका परदेशी कंपनीला दिलं, तेव्हा गावात आधी हसणंच झालं. मेहकरची बस वेळेवर येत नाही, आणि आमचे नळ म्हणे लिस्बनहून बघणार! पण कंपनीने खरंच टाकीवर मीटर बसवले आणि कंप्युटरपुढे मला बसवलं. मी प्रतीक्षा, बी.एस्सी., तीन वर्षं घरी बसलेली. कंपनीला नावं ठेवायला माझी जीभ रेटेना.

नळ सोडणारे निवृत्तीकाका मात्र जुनेच ठेवले, सहा महिन्यांच्या बोलीवर. बोली संपायला आठवडा उरला आणि लिस्बनचे मार्टिनसाहेब पडद्यावरून म्हणाले, "एकतीस वेळा ठरल्यापेक्षा जास्त पाणी गेलंय. लेखी कारण द्या, नाहीतर हा माणूस नको." काकांचं बावीस वर्षांचं काम जायची वेळ आली.

कारण तर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लग्नघराला अर्धा तास जास्त पाणी, ही आमच्याकडची रीतच. पहिली पत्रिका देवापुढे नाहीतर दर्ग्यात, दुसरी काकांच्या हातात. पण रीत कागदावर कोण लिहून ठेवतं? मी डोकं धरून बसले.

संध्याकाळी काकांना सांगायला गेले, तर बातमी माझ्याआधीच पोचलेली, आणि तिथे अब्दुल गनीचाचा बसलेले. त्यांच्या नाजिशचं लग्न शुक्रवारी होतं.

"निवृत्तीभाऊ, पत्रिका घ्या, पण पानी सोडू नका," चाचा म्हणाले. "माह्या पोरीच्या लग्नापायी तुमची नौकरी गेली तं मले घास गिळन का? मी टँकर सांगतो."

काका उठले, आणि खिळ्याला टांगलेल्या तारेत त्यांनी पत्रिका ओवली. त्या तारेला पत्रिकांचा हा एवढा जाड गठ्ठा!

"काका, साऱ्या पत्रिका ठेवल्या काऊन?"

"फेकू कसा व? लेकीबाळीचं नाव असते तिच्यावर."

मी कपाळावर हात मारून घेतला. कंपनीला लेखी कारण हवं होतं, आणि ते इथे हळद-कुंकू लावून लटकत होतं!

दुसऱ्या दिवशी काकांना घेऊनच ऑफिसात बसले. एकेक पत्रिका कॅमेऱ्यापुढे धरली. पत्रिकेवर चौदा तारीख, पडद्यावरही चौदा. दहा-बारा झाल्यावर मार्टिनसाहेबांना गोडी लागली. "नवरी कुठली?" "अमडापूरची." "जेवायला माणसं किती?" "दोन हजार." साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. तीस जुळल्या. एका तारखेला मात्र पत्रिकाच नव्हती.

काका टोपी काढून पुढे झाले. "त्या दिवशी आमच्या सुभद्राबाई गेल्या, साहेब. मातीवरून आलेल्या मानसाईले आंघोळीले पाणी लागते. त्याची पत्रिका कुठून आणू?"

सुभद्राबाई म्हणजे काकांची बायको, हेही मी इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. त्या तारखेपुढेही त्यांनी खूण केली.

गुरुवारी कंपनीचं पत्र आलं. मी धावत टाकीवर गेले. "काका, नोकरी राह्यली तुमची! कायमची! लग्न, मयत, तुम्ही सांगसान तेवढं पाणी राखून ठेवणार म्हणते कंपनी!"

काकांनी ते शांतपणे ऐकलं. "मंग उद्या गनीभाईच्या घरी सोडू ना पाणी?"

"हाव, काका."

आठवडाभर ज्या माणसाने चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नव्हती, तो तिथेच ओट्यावर बसून ढसाढसा रडला. मलाही राहवलं नाही.

शुक्रवारी चाचांच्या गल्लीत नळ अर्धा नाही, पाऊण तास जास्त चालला. चाचांचे ड्रम भरले, मांडवातल्या बायांच्या घागरी भरल्या, अंगणात पोरं भिजून चिंब झाली. लिस्बनहून लगेच विचारणा आली: जास्तीची पंधरा मिनिटं कशाची?

मी लिहिलं, "निवृत्तीकाकांच्या आनंदाची."

मिनिटभराने उत्तर आलं: मंजूर.